वाळूतलं डोरलं आणि लोखंडी झारा

सोनं हरवलं की आपण बायका आधी कुठे शोधतो? पदर झटकून बघतो, गाद्या उलट्यापालट्या करतो, न्हाणीची जाळी उचकटतो, केराची टोपली अंगणात पालथी घालतो. घरात पडलेली वस्तू बहुतेक वेळा घरातच मिळते. पण नदीच्या वाळूत काही पडलं, की पाच-दहा मिनिटं हाताने चाचपायचं आणि 'गेलं ते गेलं' म्हणत, डोळे पुसत घरी यायचं, हीच आपल्याकडची रीत. मला ही रीत आता पटत नाही. वाळूत पडलेलं सोनं कुठे पळून जात नाही, ते फक्त खाली उतरतं. आणि खाली उतरलेलं वर काढता येतं. त्यासाठी लागतो एक झारा. भजी तळायच्या झाऱ्याचा थोरला भाऊच म्हणा ना! आमच्या घाटंजीसारख्या गावातही तो करून घेता येतो. कसा, ते सांगायचं म्हणून आजचा हा लेख.

आधी थोडं शास्त्र, पण आपल्या स्वयंपाकघरातलं. तांदूळ पाण्यात रोळताना काय होतं? भांडं गोल गोल हलवलं की तांदूळ वर राहतात आणि खडे तळाशी बसतात. नदीतही तेच होतं. सोनं पाण्यापेक्षा १९ पट जड, आणि वाळूचा कण जेमतेम अडीच-पावणेतीन पट. आपल्या दागिन्यांचं २२ कॅरेटचं सोनं त्यात तांबं वगैरे असल्यामुळे थोडं हलकं, तरी पाण्याच्या सतराएक पट असतंच. वरून पाणी वाहतं, माणसं चालतात, गुरं उतरतात, वाळू हलत राहते. प्रत्येक हालचालीसरशी दागिना थोडा खाली सरकतो, आणि वाळूखालच्या घट्ट मुरमाला किंवा चिकण मातीला लागला की तिथे थांबतो. आपण शोधतो वरच्या वीतभर वाळूत, आणि वस्तू बसलेली असते त्याच्याही खाली!

ही गोष्ट ज्यांना पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे, अशी माणसं आपल्या महाराष्ट्रातच आहेत. सराफ्यातली धूळ धुऊन सोनं काढणारे ते झारेकरी. आपल्या विदर्भाकडे त्यांना सोनझारी म्हणतात. रसेल आणि हिरालाल यांनी १९१६ साली मध्य प्रांतातल्या जातीजमातींवर मोठा ग्रंथ काढला, त्यात नदीच्या वाळूतून सोन्याचे कण धुऊन काढणाऱ्या सोनझरा लोकांची स्वतंत्र नोंद आहे. मुंबईच्या झवेरी बाजारात हेच काम करणाऱ्यांना घमेलवाले म्हणतात. दुकानांसमोरचा केर आणि गटारातला गाळ गोळा करायचा, घमेल्यात घालून पाण्यात रोळायचा, हलकं ते वाहू द्यायचं आणि जड ते राखायचं. या कामात बायका पुरुषांच्या बरोबरीने असतात. पुढे ते कण एकत्र करायला पारा आणि साफ करायला तेजाब वापरलं जातं. तो भाग मात्र अतिशय घातक. पाऱ्याची वाफ थेट मज्जासंस्थेवर जाते. आपल्याला त्या वाटेला जायचंच नाही. आपल्याला अख्खा दागिना शोधायचा आहे, आणि त्याला चाळणी पुरते.

नाशिकच्या रामकुंडावर गेला असाल, तर दोरीला चुंबक बांधून पाण्यातले पैसे काढणारी मुलं तुम्ही पाहिली असतील. चुंबकाला काय चिकटतं, ते त्यांना आपल्यापेक्षा चांगलं माहीत असतं. १९९२ पासून निघालेलं स्टेनलेस स्टीलचं एक रुपयाचं नाणं चिकटतं, त्याआधीचं तांबं-निकेलचं नाणं चिकटत नाही. सोनं-चांदी तर नाहीच नाही. त्यामुळे हरवलेल्या दागिन्यासाठी चुंबक कामाचा नाही. आपल्या काळ्या दगडाच्या मुलुखात तर चुंबक वाळूत घातला की लोखंडाच्या अंशाचे काळे कण तेवढे मिशीसारखे चिकटून येतात.

मला या झाऱ्याची ओळख झाली ती भाच्यामुळे. तो ऑस्ट्रेलियात पर्थला असतो. सुटीच्या दिवशी समुद्रकिनाऱ्यावर मेटल डिटेक्टर घेऊन फिरायचा त्याला नाद आहे. कानाला हेडफोन, एका हातात दांड्याच्या टोकाला थाळी लावलेलं यंत्र आणि दुसऱ्या हातात लांब दांड्याचं, भोकंभोकं असलेलं डबडं. यंत्राच्या थाळीतल्या तारेतून वीज खेळते, तिच्याभोवती चुंबकीय क्षेत्र तयार होतं, खाली धातू आला की त्यात फरक पडतो आणि यंत्र ओरडतं. पण ते सोन्याला जसं ओरडतं, तसंच बाटलीच्या बुचाला आणि गोळ्यांच्या चंदेरी पट्टीलाही ओरडतं. म्हणून प्रत्येक वेळी खणून बघायचं. व्हिडिओ कॉलवर त्याचं ते डबडं पाहून मी म्हटलं, "अरे, हा तर आपला झारा!" तो म्हणाला, "मावशी, यंत्र नुसतं जागा सांगतं. वस्तू हातात देतो तो हाच. आणि विकत घ्यायला गेलं तर चांगलाच महाग पडतो, म्हणून इथले लोक घरीच बनवतात."

तेव्हा हसण्यावारी नेलेली ही गोष्ट गेल्या वर्षी उन्हाळ्यात आठवली. अक्षय्य तृतीयेच्या आधी आपल्याकडे गोधड्या-चादरी धुवायची घाई असते. आमच्या ओळखीतल्या एका घरची धाकटी सून वाघाडीच्या पात्रात गोधड्या धुवायला गेली होती. उन्हाळ्यात नदी म्हणजे काय, अधेमधे गुडघाभर डोह आणि बाकी वाळूच. ओली गोधडी पिळताना गळ्यातल्या काळ्या पोतीचा दोरा तुटला. काळे मणी तिने मूठभर गोळा केले, पण मधलं डोरलं आणि सोन्याचे आठ मणी गेले.

२०२५ मध्ये दहा ग्रॅम सोन्याने लाखाचा आकडा ओलांडला. तेव्हा एका डोरल्याची किंमत गरिबाच्या घरात काय असते, हे मी सांगायला नको. पण खरं दुखणं ते नव्हतंच. दुसऱ्या दिवशी घरात कुजबुज सुरू झाली, "नदीत कायले पडते? भावाचं लग्न हाय ना माहेरी. तिकडंच देल्लं असंन." ती पोरगी माझ्याकडे येऊन बसली, तेव्हा सोन्याबद्दल एक अक्षर बोलली नाही. एवढंच म्हणाली, "काकू, मी खोटं नाई बोलत वो."

बायकांच्या अंगावरचं सोनं हे असं असतं बघा. म्हणायला तिचं, पण हरवलं की हिशेब मात्र तिलाच द्यायचा. दागिना गेला तर पुन्हा होईल कधीतरी, पण शब्दावरचा विश्वास गेला तर तो कुठल्या सराफाकडे मिळायचा? मी भाच्याला फोन लावला आणि झाऱ्याची मापं लिहून घेतली.

मापं त्याची, पण सामान आपल्याच गावचं. भाचा म्हणाला होता, स्टीलचा जाड पत्रा घे आणि त्याला ड्रिलने भोकं पाड. पण भोकं लागतात तीनशेच्या वर, आणि तेवढी पाडायची मजुरी कोण देणार? भंगारच्या दुकानात गेले तर तिथे मळणीयंत्राच्या, म्हणजे आपल्या हडंब्याच्या, जुन्या चाळण्या पडलेल्या होत्या. आयता भोकांचा पत्रा! प्रश्न एवढाच होता, की कुठल्या मापाची चाळणी घ्यायची.

इथे खरी मेख आहे, मैत्रिणींनो. आधी काय हरवलंय ते ठरवायचं आणि मग भोक ठरवायचं. बांधकामाची वाळू ज्या चाळणीतून पडते तिचं भोक पावणेपाच मिलिमीटरचं असतं. म्हणजे सहा मिलिमीटरच्या भोकातून जवळपास सगळी वाळू पडून जाणार. बायकांची अंगठी बाहेरून साधारण १९-२० मिलिमीटर, रुपयाचं नवं नाणं २० मिलिमीटर. ती शोधायला दहा मिलिमीटरचं भोकही चालतं, वाळू भराभर गळते आणि हात दुखत नाहीत. पण डोरलं, कुडी, मंगळसूत्राची वाटी यांना सहाच हवं. बारीक मणी आणि कानातल्या फिरकीला तेही मोठंच होतं. मी घरून निघताना तूर आणि सुका वाटाणा पुडीत बांधून नेला होता. ज्या चाळणीतून तूर पडली आणि वाटाणा अडकला, ती उचलली. भंगारवाला बघतच राहिला.

मग गेले फॅब्रिकेशनच्या दुकानात. तिथला भाऊ म्हणाला, "ताई, हे काय बनवून राह्यल्या तुमी?" म्हटलं, "वाळू चाळायचा झारा." तो हसला, "सोनं काढून राह्यल्या काय वो?" मी म्हटलं, "हो!" त्यावर मात्र त्याने काम बाजूला ठेवून नीट ऐकून घेतलं.

आता कृती लिहून घ्या. चाळणीचा पत्रा ४० सेंटिमीटर लांब आणि १८ सेंटिमीटर रुंद कापायचा. गोल वळवला की साधारण साडेबारा सेंटिमीटर व्यासाचं नळकांडं होतं. याहून मोठं करायचा मोह नको. या मापात ओली वाळू चार किलोच्या आसपास मावते, आणि तेवढी आपल्याला शंभरदा उचलायची असते! पत्रा पातळ असतो, म्हणून पुढच्या आणि मागच्या तोंडाला लोखंडी पट्टीचं कडं बसवायचं. मागचं तोंड त्याच चाळणीच्या गोल तुकड्याने बंद करायचं, म्हणजे मागूनही वाळू गळेल.

पुढच्या तोंडाला खालच्या अर्ध्या भागात जीभ हवी, वाळूत घुसणारी. त्यासाठी मी वखराच्या झिजलेल्या पाशीचा तुकडा दिला. पास ती, जमिनीत घुसायचं तिला शिकवावं लागत नाही. जीभ चार-पाच बोटं बाहेर ठेवायची आणि तिला भोक नको, नाहीतर वाकते. मागच्या कड्यावर इंचाच्या पाइपचा वीतभर तुकडा तिरका जोडायचा, पंचेचाळीस अंशांच्या आसपास, आणि त्याला खालून एका पट्टीचा टेकू द्यायचा. हा टेकू नसला तर पहिल्याच ओढीला सांधा निखळतो. पाइपात फावड्याचा लाकडी दांडा घालून आरपार नट-बोल्ट मारायचा. मागच्या कड्यावर पाय ठेवण्यापुरती आडवी पट्टी लावली, की जोर हातावर न येता पायावर येतो.

दोन गोष्टी वेल्डिंग करणाऱ्याला आवर्जून सांगा. पत्रा जस्ताचा मुलामा दिलेला असेल, तर सांध्याच्या जागी तो आधी घासून काढायला हवा. जस्ताचा पांढरा धूर छातीत गेला की ताप भरतो. आणि काम झालं की भोकांच्या कडा आतून-बाहेरून कानशीने घासून घ्या. आपण त्यात हात घालून चाचपणार असतो, बोटं कापायला नकोत. पत्रा, मजुरी, दांडा सगळं मिळून मला साडेसहाशे रुपये लागले. लोखंडाचा असल्यामुळे गंजतो, म्हणून वापर झाला की धुऊन, पुसून तेलाचं बोट फिरवायचं. विळी-खलबत्त्याची निगा राखणाऱ्या बाईला हे काय नवीन?

झारा तयार झाला त्याच संध्याकाळी आम्ही चौघीजणी नदीवर गेलो. यंत्र काही आमच्याकडे नव्हतं, म्हणून पद्धत पक्की ठेवली. ती नेमकी कुठे उभी होती, पाणी कुठवर होतं, गोधडी कोणत्या दगडावर आपटली, हे तिलाच दाखवायला सांगितलं. तेवढ्या जागेला चार काटक्या रोवून सुतळी बांधली आणि हाताहाताचे चौकोन पाडले. सुरुवात प्रवाहाच्या खालच्या बाजूने करायची आणि वरच्या दिशेने सरकायचं, म्हणजे उठलेला गढूळपणा मागे वाहून जातो आणि पुढची जागा निवळ राहते. चाळलेली वाळू तपासून झालेल्या चौकोनातच टाकायची. नाहीतर तीच ती वाळू दिवसभर चाळत बसाल!

झारा वाळूत घालताना घाई करायची नाही. जीभ रोवायची, पाय द्यायचा, दांडा मागे ओढायचा. मग पाण्यात अर्धा बुडवून डावी-उजवीकडे हलवायचा. कोरड्या वाळूपेक्षा पाण्यात चाळणं कितीतरी सोपं. उरलेले खडे, शिंपले, काचा ताटात ओतून एकीने निवडायच्या. तांदूळ निवडायला बसतो तसंच. आणि मुरूम लागेपर्यंत खाली जायचं, कारण जड वस्तू तिथेच बसलेली असते.

पहिल्या संध्याकाळी बिल्ले, हेअरपिना, तीन नाणी आणि एक तुटकी चावी मिळाली. दुसऱ्या संध्याकाळी, सातव्या चौकोनात, कोपरभर खोलीवर डोरलं मिळालं. ताटात खड्यांमध्ये चिखलाने माखून पडलं होतं. निवडणाऱ्या बाईने ते खडा समजून बाजूला सारलं होतं. उचललं तेव्हा वजन कळलं. मणी झाऱ्यातून गळून गेले असणार हे ठाऊक होतंच, म्हणून त्याच चौकोनाच्या तळची वाळू घमेल्यात भरून घरी आणली, वाळवली आणि पुरणाच्या चाळणीने चाळली. आठपैकी पाच मणी मिळाले. तीन अजून वाघाडीतच आहेत.

डोरलं घेऊन ती घरी गेली, तेव्हा घरात कुणी फारसं काही बोललं नाही. 'चुकलो' असं तर कुणीच म्हणालं नाही. पण पुढच्या आठवड्यात नवी पोत ओवायला सासूच तिला घेऊन सराफाकडे गेली. मला वाटतं, आपल्याकडे काही घरांत माफी अशीच मागतात.

आता थोडं कायद्याचं, कारण झारा हातात आला की उत्साह वाढतो. आपली किंवा ओळखीच्याची हरवलेली वस्तू शोधणं वेगळं आणि जमिनीतलं जुनं धन उकरणं वेगळं. १८७८ चा निखात निधीचा कायदा आजही लागू आहे. जमिनीत दडलेलं दहा रुपयांहून अधिक किमतीचं धन सापडलं, तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं. लपवलं तर हक्क जातो आणि वर्षभरापर्यंत कैदही होऊ शकते. संरक्षित किल्ले, देवळं, जुने अवशेष यांच्या आवारात झारा काय नि यंत्र काय, न्यायचंच नाही. आणि दुसऱ्या कुणाची अंगठी सापडली तर? 'नदीने दिली' म्हणून बोटात घालायची नाही. मालक कोण हे माहीत असून वस्तू ठेवून घेणं हा गुन्हा आहे, जुन्या दंडसंहितेत होता आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेतही आहे. कायदा बाजूला ठेवला, तरी ती कुणाच्या तरी घरची कुजबुज असेल, एवढं आठवलं तरी पुरे.

सुरक्षिततेचंही सांगते. पावसाळ्यात आणि पाणी चढतं असताना नदीत उतरायचं नाही, डोरलं कितीही तोळ्यांचं असो. वाळू उपशाचे खोल खड्डे पाण्याखाली दिसत नाहीत, म्हणून पुढे टाकायचं पाऊल आधी झाऱ्याच्या दांड्याने चाचपायचं. एकटीने जायचं नाही. काचा असतात, पायात चप्पल-बूट हवेच. आणि केलेला प्रत्येक खड्डा निघताना बुजवायचा. उद्या तिथे कुणाचं तरी लेकरू पोहायला उतरणार असतं.

आमचा झारा आता भिशीच्या गटाकडे असतो. भिशीच्या वहीच्या शेवटच्या पानावर कोणी नेला, कधी परत केला याची नोंद ठेवतो. हरतालिकेची वाळू विसर्जन करताना पडलेलं एका ताईचं जोडवं त्याने पाणी ओसरल्यावर शोधून दिलं. पेरणीच्या वेळी शेताच्या बांधावर हरवलेल्या अंगठीसाठीही तो नेला होता, पण काळ्या मातीत त्याचा निभाव लागला नाही. चिकट माती भोकातून गळत नाही, ती आधी पाण्यात कालवून घ्यावी लागते. हेही त्याच वहीत लिहून ठेवलंय.

तुमच्याही गावात नदी आहे, भंगारचं दुकान आहे, वेल्डिंग करणारा भाऊ आहे. चार-पाच जणींनी मिळून एक झारा करून ठेवायला काय हरकत आहे? जाताना तूर आणि वाटाणा तेवढा सोबत घ्या. आणि हो, आमच्या फॅब्रिकेशनवाल्या भावाने पहिला दांडा त्याच्या उंचीचा बसवला होता, तो नंतर वीतभर कापावा लागला. तुम्ही दांडा तुमच्याच उंचीचा बसवून घ्या.